मोबाइलचा हॉटस्पॉट घरचे कायमचे इंटरनेट म्हणून चालू शकेल का?

प्रश्न: माध्यान्ह

नमस्कार. आम्ही नुकतेच ज्या भाड्याच्या घरात राहायला आलो आहोत, तेथपर्यंत तारेचे इंटरनेट अजून पोहोचलेले नाही आणि ते कधी पोहोचेल हेही कोणी खात्रीने सांगत नाही. त्यामुळे सध्या माझ्या फोनचा हॉटस्पॉट हेच आमच्या घरचे इंटरनेट आहे. मी आणि माझे पती दोघेही घरून काम करतो; दोघांच्या मिळून रोज चार तासांच्या आसपास व्हिडिओ बैठका होतात. मुलगी रोज सुमारे दोन तास ध्वनिचित्रमुद्रित तासिका पाहते. याखेरीज ईमेल, कागदपत्रांची देवाणघेवाण आणि थोडेफार वाचन, इतकाच आमचा वापर आहे.

अडचणी अशा आहेत. सकाळी सर्व सुरळीत चालते, परंतु संध्याकाळच्या बैठकीत समोरच्यांना माझा आवाज तुटक ऐकू येतो, जरी मला त्यांचा आवाज बहुतेक वेळा नीट येत असला तरी. माझ्या योजनेत महिन्याला २०० जीबी डेटा पूर्ण वेगाने मिळतो, आणि तो महिना संपण्याच्या बऱ्याच आधी संपतो. तो नेमका कशात खर्च होतो हे मला उमगत नाही. फोन दिवसभर चार्जिंगला लावलेला असतो आणि हाताला चांगलाच गरम लागतो. शिवाय मी घराबाहेर पडले की घरातले इंटरनेटही माझ्याबरोबर बाहेर जाते.

तारेची जोडणी मिळेपर्यंत ही व्यवस्था विश्वासाने चालवता येईल का, की तिचा नाद सोडून वेगळे काही घ्यावे? ज्यांनी असे दीर्घकाळ केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: लहरमापक

चालवता येते, पण त्यासाठी आधी दोष कोठे आहे हे शोधावे लागते. हॉटस्पॉटवर इंटरनेट मंद झाले की बहुतेक जण लगेच नवा फोन किंवा मोठी योजना घेतात, आणि मूळ कारण वेगळेच असल्यामुळे तक्रार तशीच राहते. तुमच्या लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंतच्या वाटेत दोन बिनतारी टप्पे आहेत. पहिला टप्पा लॅपटॉप ते फोन, म्हणजे वायफायचा. दुसरा फोन ते टॉवर. दोन्ही स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय काही खरेदी करू नका.

पहिल्या टप्प्याची परीक्षा सोपी आहे. फोनवरच वेग मोजा आणि लगेच त्याच जागी हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपवर मोजा. फोनवर वेग भरपूर आणि लॅपटॉपवर अगदी थोडा असेल, तर दोष वायफायचा आहे. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालू असेल तर आजूबाजूच्या घरांतील वायफाय, ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह या सर्वांची त्या पट्ट्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झवर ती बरीच कमी असते, मात्र त्या लहरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे हा पट्टा, निवडता येतो. आयफोनमध्ये सुसंगतता वाढवणारा जो पर्याय आहे, तो चालू केला की हॉटस्पॉट २.४ वर येतो, म्हणून गरज नसेल तर तो बंद ठेवावा.

दुसऱ्या टप्प्यासाठी पडद्यावरच्या रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका. किती शक्तीला किती दांड्या दाखवायच्या याचे सर्वांना बंधनकारक असे प्रमाण नाही. एका फोनवरच्या चार दांड्या दुसऱ्यावरच्या दोन असू शकतात. त्याऐवजी डीबीएममधला (लहरींची शक्ती मोजण्याच्या एककातला) आकडा पाहा. अँड्रॉइडमध्ये तो सहसा ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली मिळतो. हा आकडा ऋण असतो आणि शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. ४जीसाठी ढोबळ मानाने उणे ८० किंवा त्याहून चांगला आकडा उत्तम, उणे १०० च्या आसपासचा कामचलाऊ आणि उणे ११० च्या पलीकडचा अडचणीचा समजावा. फोन हातात घेऊन घरभर फिरा, प्रत्येक खिडकीपाशी जरा थांबा आणि आकडा स्थिरावला की लिहून ठेवा. काँक्रीटची भिंत आणि धातूचा पातळ लेप असलेली काच या दोन्ही लहरी मोठ्या प्रमाणात अडवतात, त्यामुळे खिडकी बंद असताना आणि उघडी असताना असे दोन्ही आकडे घ्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सर्वांत चांगला आकडा देणाऱ्या जागी फोन ठेवून सकाळी आणि संध्याकाळी तुमच्या बैठकीच्या वेळी पुन्हा वेग मोजा आणि प्रत्येक वेळी डीबीएमचा आकडाही शेजारी लिहा. संध्याकाळी आकडा तोच राहून वेग कोसळत असेल, तर ती रेंजची तक्रार नव्हे, गर्दीची आहे: टॉवरची क्षमता त्या परिसरातल्या सर्व ग्राहकांत वाटली जाते आणि संध्याकाळी वाटेकरी वाढतात. अशा वेळी रेंज वाढवण्यावर खर्च करून फारसा लाभ होत नाही. वेगळ्या कंपनीच्या सिमने मात्र चित्र पालटू शकते. उलट दोन्ही वेळी आकडा आणि वेग दोन्ही वाईट असतील, तर जागा बदलणे किंवा अँटेना लावणे हा उपाय आहे. समोरच्यांना तुमचा आवाज तुटक येतो पण तुम्हाला त्यांचा नीट येतो, याचा अर्थ अडचण पाठवण्याच्या वेगात आहे. म्हणून वेग मोजताना डाउनलोडइतकेच लक्ष अपलोडच्या आकड्याकडे द्या.

उत्तर: हिशेबनीस

डेटा कोठे जातो हे कागदावर मांडून पाहिले की उलगडते, म्हणून तुमच्याच वापराचा हिशेब करतो. १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) वेगाने तासभर डेटा वाहिला तर ०.४५ जीबी खर्च होतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकी सर्व गणित तोंडी होते. व्हिडिओ बैठकीत येणारा आणि जाणारा असा दोन्ही डेटा मोजला जातो. दोन्ही मिळून ३ एमबीपीएस धरले तर तासाला १.३५ जीबी होतात. रोज चार तास आणि महिन्याला बावीस कामाचे दिवस धरले तर जवळपास १२० जीबी केवळ बैठकांत गेले. मुलीच्या तासिका चित्राच्या १०८० या उच्च दर्जाने चालत असतील तर त्यांना सुमारे ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला २.२५ जीबी, आणि महिन्याच्या साठ तासांचे १३५ जीबी. बेरीज २५५ झाली. तुमचे २०० जीबी अपुरे का पडतात याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

तासिकांचा दर्जा ४८० वर आणला तर साधारण सव्वा एमबीपीएस पुरतात आणि तेच साठ तास ३४ जीबींत बसतात. फळ्यावरचे अक्षर त्या दर्जालाही बहुधा वाचता येते. न वाचता आले तर केवळ त्या तासिकेपुरता दर्जा वाढवावा. मुलीच्या शिक्षणाला कात्री लावा असे मी मुळीच म्हणत नाही, पण लहान पडद्यावर १०८० चा लाभ डोळ्यांना फारसा जाणवत नाही आणि डेटा मात्र चौपट जातो. बैठकीत स्वतःचा कॅमेरा बंद केला तर जाणारा डेटा वाचतो, येणारा तसाच राहतो. येणारा कमी करायचा असेल तर ॲपमध्ये इतरांचे व्हिडिओ दाखवणे थांबवण्याची किंवा दर्जा कमी करण्याची सोय शोधावी लागते. केवळ आवाजाची बैठक असेल तर तासाला १०० एमबीच्या आतच काम भागते.

उरलेले अर्धे उत्तर तुमच्या नकळत चालणाऱ्या कामांत असते. लॅपटॉप हॉटस्पॉटकडे साधे, अमर्याद वायफाय म्हणून पाहतो आणि प्रणालीचे अपडेट, छायाचित्रांचा क्लाउडवरील साठा, खेळांच्या मोठमोठ्या फाइली हे सर्व निश्चिंतपणे उतरवत बसतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते मर्यादित डेटाचे म्हणजे ‘मीटर्ड’ कनेक्शन असल्याचे सांगता येते. मॅक आणि आयफोनमध्ये त्यासाठी कमी डेटाची पद्धत आहे. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट दुसऱ्या अँड्रॉइड उपकरणाला ही सूचना स्वतःहून देतो, पण विंडोजच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. एक गोष्ट मात्र सहज निसटते: ही नोंद प्रत्येक जोडणीसाठी वेगळी असते. हॉटस्पॉटचे नाव बदलले किंवा वायफायऐवजी यूएसबी केबलने फोन जोडला, तर लॅपटॉपच्या दृष्टीने ती नवी जोडणी ठरते आणि ती नोंद पुन्हा करावी लागते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डेटावापराची ॲपनिहाय यादी असते. ती उघडून येथे कळवा.

योजनेची अटही बारकाईने वाचा. ‘अमर्याद’ लिहिलेल्या अनेक योजनांत ठरावीक डेटानंतर वेग घटवला जातो, आणि काही योजनांत फोनवरच्या वापराची मर्यादा वेगळी व हॉटस्पॉटची वेगळी, पुष्कळ कमी असते.

उत्तर: जुना चार्जर

फोन गरम होण्याकडे दुर्लक्ष करू नका. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सर्वांत जास्त मारक ठरतात: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले असणे. दिवसभर चार्जिंगवर ठेवलेल्या हॉटस्पॉटमध्ये दोन्ही एकत्र येतात. शिवाय तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो, म्हणजे दुपारनंतर इंटरनेट मंदावण्याचे ते वेगळेच कारण असू शकते. कव्हर काढा, फोन उन्हात ठेवू नका (खिडकीपाशी ठेवताना हे विसरले जाते) आणि तुमच्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करा. पाठीमागचे झाकण किंचितही फुगलेले दिसले तर तो फोन त्याच क्षणी वापरातून काढावा. त्यात चालढकल नको.

फोन लॅपटॉपच्या जवळच असेल तर यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, वापरा. त्यात वायफायचा टप्पाच गळून पडतो, फोन कमी तापतो आणि तो चार्जही होत राहतो. ब्लूटूथ टेदरिंगच्या वाटेला जाऊ नका. ईमेलपलीकडे त्याचा वेग पुरत नाही.

उत्तर: तिसरा मजला

वरील सर्व सल्ले योग्य असले तरी माझे मत स्पष्ट आहे: दोन माणसांची उपजीविका ज्यावर चालते ती जोडणी खिशातल्या फोनवर ठेवू नये. फोनवर कॉल आला की काय होते हेच पाहा. व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालू असेल तर कॉल आणि डेटा एकत्र चालतात. नसेल तर फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि घरभरचे इंटरनेट थांबते किंवा रेंगाळते. दोन सिमच्या अनेक फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की पहिल्या सिमचा डेटा खंडित होतो. काही वेळ कोणी जोडलेले नसले की पुष्कळ फोन हॉटस्पॉट आपणहून बंद करतात. ती सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडता येते, पण मुळात ते उपकरण दिवसरात्र राउटरचे काम करण्यासाठी घडवलेलेच नाही.

सिम घालायचा स्वतंत्र राउटर घ्या. त्यात तापणारी बॅटरी सहसा नसते, वायफायच्या अँटेना मोठ्या असतात, तारेने लॅपटॉप जोडण्याची सोय असते आणि तुम्ही बाहेर गेलात तरी तो घरीच राहतो. बाहेरची अँटेना लावण्याची जोडणी असलेला राउटर मिळाला तर उत्तमच. मात्र अशी अँटेना दोन केबलींची घ्यावी, कारण ४जी एकाच वेळी दोन मार्गांनी डेटा आणते आणि एकच अँटेना लावल्यास तो लाभ जातो. केबल शक्य तितकी आखूड ठेवा; लांब केबलमध्येच मिळवलेली शक्ती विरून जाते.

पुढील माहिती: माध्यान्ह

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले आहे.

ज्या खोलीत आम्ही काम करतो तेथे आकडा उणे ११२ आहे. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत उणे ९४. खिडकीत सकाळी डाउनलोड ३८ आणि अपलोड ९ एमबीपीएस मिळाला. संध्याकाळी त्याच जागी आकडा उणे ९५, म्हणजे जवळजवळ तोच, पण डाउनलोड ६ आणि अपलोड जेमतेम १.१. यानंतर पतींचा फोन त्याच ठिकाणी ठेवून पाहिला. त्यांचे सिम वेगळ्या कंपनीचे आहे. तेथे आकडा उणे १०१ दाखवतो, तरीही संध्याकाळी डाउनलोड २२ आणि अपलोड ५ मिळाला. हे उलटे कसे?

लॅपटॉपच्या यादीत सर्वांत वर बैठकांचे ॲप असेल असे वाटले होते, पण त्याच्याही वर क्लाउडवर फाइली चढवणारे ॲप होते, आणि ब्राउझर तिसऱ्या क्रमांकावर. आणखी एक प्रश्न: दारावर कॅमेरा बसवायचा विचार आहे. तो अशा जोडणीवर चालेल का?

उत्तर: लहरमापक

तुमच्या मोजमापाने जवळजवळ सर्व प्रश्न सोडवले आहेत. पहिली गोष्ट, खोली आणि खिडकी यांत १८ डेसिबलचा फरक आहे. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, त्यामुळे खोलीत पोहोचणारी शक्ती खिडकीतल्यापेक्षा सुमारे ६३ पट कमी आहे. म्हणजे काम कोठेही करा, पण टॉवरशी बोलणारे उपकरण स्वयंपाकघराच्या खिडकीतच हवे.

दुसरी गोष्ट, तुमच्या सिमचा आकडा संध्याकाळी हलला नाही आणि वेग मात्र सहापटीहून अधिक घटला. म्हणजे टॉवरवर गर्दी आहे. पतींच्या सिमची शक्ती चार-पाच पट क्षीण असूनही वेग चांगला मिळतो, कारण त्या टॉवरवर त्या वेळी वाटेकरी कमी आहेत किंवा त्या कंपनीकडे तेथे अधिक रुंद पट्टा आहे. डीबीएम केवळ लहर किती जोरात ऐकू येते ते सांगतो. तुमच्या वाट्याला किती जागा येते हे तो सांगत नाही. उलटे काहीच नाही.

तिसरी गोष्ट, १.१ एमबीपीएसच्या अपलोडवर तुमची बैठक आणि क्लाउडचे ॲप दोघेही एकाच वेळी चढू पाहतात. मोठी फाइल चढत असताना पाठवायच्या डेटाची रांग साचते आणि आवाजाची छोटी पाकिटे त्या रांगेत अडकून उशिरा पोहोचतात. तुमचा आवाज तुटण्याचे कारण बहुधा हेच. ते ॲप कामाच्या वेळेत थांबवा, किंवा त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घाला. हे आजच करता येईल आणि आजच्या बैठकीतच फरक कळेल.

राउटरबाबत मी ‘तिसरा मजला’ यांच्याशी सहमत आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी पतींच्या सिमचा हॉटस्पॉट खिडकीत ठेवून काही संध्याकाळी बैठका करून पाहा. समाधान झाले की त्याच कंपनीचे स्वतंत्र सिम राउटरसाठी घ्या, आणि घेण्यापूर्वी ती योजना राउटरमध्ये चालते असे त्यांच्याकडून लेखी मिळवा, कारण फोनसाठीच्या काही योजनांत ते अमान्य असते. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट मोडीत काढू नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे मार्ग घरात असणे ही तुमची खरी सुरक्षितता आहे. एक बंद पडला की लॅपटॉप दुसऱ्यावर नेता येतो. दोन्ही निवडताना मात्र त्या दोन कंपन्या खरोखरच वेगवेगळे टॉवर वापरतात ना, हे पाहा. काही कंपन्या दुसऱ्याच्याच नेटवर्कवर आपल्या नावाने सेवा विकतात आणि तेव्हा दोन सिम असूनही मार्ग एकच असतो.

उत्तर: हिशेबनीस

कॅमेऱ्याविषयी. मोबाइल नेटवर्कवर बहुतेक वेळा तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, मिळत नाही. एकाच पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहकांना बसवते. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर ती याच व्यवस्थेची खूण आहे. त्यामुळे बाहेरून थेट घरातल्या कॅमेऱ्याशी जोडून घेण्याची जुनी पद्धत, म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडणे, येथे उपयोगी पडत नाही. जो कॅमेरा स्वतःहून उत्पादकाच्या सर्व्हरशी संपर्क साधतो आणि ॲपमधून दिसतो, तो चालतो.

खरेदीपूर्वी डेटाचा विचार अवश्य करा. कॅमेऱ्याने १ एमबीपीएस इतकाच साधा प्रवाह चोवीस तास क्लाउडवर पाठवला तरी दिवसाला १०.८ जीबी आणि महिन्याला ३२४ जीबी होतात, आणि हे सर्व तुमच्या सर्वांत दुबळ्या बाजूने, अपलोडने, जाणार. मेमरी कार्डवर चित्रण साठवणारा, हालचाल दिसल्यावरच सूचना पाठवणारा आणि तुम्ही ॲप उघडाल तेव्हाच चित्र दाखवणारा कॅमेरा निवडा. सतत क्लाउडवर साठवण्याची सेवा पहिल्याच दिवशी बंद करा.